श्रीलंकेतल्या मुलीला नाशिकला आणायचं आहे: कोणता अडथळा मानायचा आणि कोणता हलवायचा

प्रश्न विचारणारं जोडपं नाशिकच्या इंदिरानगरमधलं आहे. पती ४२ वर्षांचे, पत्नी ३९. पतींची कंपनीने काही वर्षांसाठी कोलंबोला बदली केली होती, आता दोघंही कायमचे परत आले आहेत. तिथं असताना पत्नी कँडीजवळच्या एका अनाथाश्रमात नेमाने जायच्या आणि तिथल्या पाच वर्षांच्या एका मुलीवर त्यांचा जीव जडला. तिला दत्तक घ्यायचं आहे. इथल्या एका सरकारी कार्यालयात त्यांना ‘परदेशातल्या मुलाचं आमच्याकडे काही होत नाही’ असं सांगून परत पाठवलं. दिल्लीला पाठवलेल्या मेलला उत्तर नाही. आश्रमाचे संचालक मात्र म्हणतात की संस्थेला देणगी द्या, इथले कागद मी लवकर करून घेतो, मुलीला पर्यटक व्हिसावर घेऊन जा आणि पुढचं तिकडे बघा. त्यांचे प्रश्न तीन: एका मुलीला घर मिळत असताना सरकार आडवं का येतं, यातून वाट कशी काढायची, आणि तोवर तिला भेटवस्तू पाठवणं, व्हिडिओ कॉल करणं चालू ठेवायचं का.

मी दत्तक प्रक्रियेत सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. घरी जाऊन कुटुंबांचा अभ्यास करणं, अहवाल लिहिणं, मूल घरी आल्यानंतर पाठपुरावा करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे तुमची तळमळ मला कळते आणि ती खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण पहिलं काम आजच करा. संचालकांना देणगीचा आणि पर्यटक व्हिसाचा प्रस्ताव मान्य नाही असं लेखी कळवा.

कारण सांगते. पर्यटक व्हिसावर आणलेली मुलगी मुदत संपली की भारतात बेकायदा राहणारी परदेशी नागरिक ठरते. तुमच्या हातात दत्तक आदेश नसतो, तिच्यावर तुमचा कायदेशीर हक्क नसतो, आणि पहिल्याच चौकशीत तिला तुमच्या घरातून उचलून बालगृहात ठेवलं जाऊ शकतं. आपल्या बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८० नुसार ठरलेली प्रक्रिया टाळून दत्तकासाठी मूल देणं किंवा घेणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मुलाची खरेदी-विक्री कलम ८१ खाली येते, तिथं शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. देणगीची पावती मिळाली म्हणून तो व्यवहार देणगी ठरत नाही. मूल मिळण्याच्या बदल्यात पैसे गेले की नाही एवढंच पाहिलं जातं.

आता सरकार आडवं का येतं याकडे वळू. तुम्ही ज्याला अडथळे म्हणता त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक अडथळा मुलीच्या बाजूने उभा आहे: ती खरंच अनाथ आहे का, तिला कोणी सोडलं, कोणाची संमती घेतली, तिच्या स्वतःच्या देशात तिला घर मिळू शकतं का हे विचारणारा. दुसरा अडथळा म्हणजे निव्वळ दिरंगाई आणि अज्ञान: मेलला उत्तर न देणं, फाईल टेबलावर पडून राहणं, ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून परत पाठवणं. पहिल्याला कधीही वळसा घालू नका. दुसऱ्यापुढे कधीही हार मानू नका. बहुतेक पालक घाईत याच्या नेमकं उलट करतात. कार्यालयातल्या माणसापुढे गप्प बसतात आणि मुलाच्या कागदांवर प्रश्न विचारत नाहीत.

पहिल्या अडथळ्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. ‘अनाथाश्रमात आहे म्हणजे अनाथ आहे’ हे गृहीतक जगात बहुतेक ठिकाणी चुकीचं ठरतं. अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतात. गरिबी, आजारपण, दुसरं लग्न, कामासाठी परदेशी गेलेली आई अशी कारणं असतात. आपल्याकडेच पाहा. सुरगाणा, पेठ भागातले आईबाप हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला येतात आणि लेकराला वसतिगृहात ठेवतात. एखादा पाहुणा तिथं आला, त्या लेकराच्या प्रेमात पडला आणि ‘याला मी घेऊन जातो’ म्हणाला, तर बाग छाटून परतलेल्या त्या आईला आपण काय सांगणार? कँडीजवळच्या त्या मुलीची आईही कुठेतरी चहाच्या मळ्यात किंवा आखातात घरकाम करत असू शकते. नसेलही. पण ते संचालकांच्या शब्दावर ठरवायचं नाही.

श्रीलंकेच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी, कारण तिथं हे घडून गेलेलं आहे. १९८० च्या दशकात हजारो श्रीलंकन बाळं युरोपात दत्तक गेली. त्यातल्या अनेकांचे कागद खोटे होते. गरोदर बायकांना ठेवून घेऊन त्यांची बाळं विकणाऱ्या जागा उघडकीला आल्या. काही प्रकरणांत खऱ्या आईऐवजी दुसऱ्याच बाईला आई म्हणून उभं करून संमती घेतली गेली. ती बाळं आज चाळिशीत आहेत, आईला शोधायला श्रीलंकेत येतात आणि कागदावरचं नाव भलत्याच बाईचं निघतं. नेदरलँड्सने नेमलेल्या चौकशी समितीने श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया, कोलंबिया आणि ब्राझील या देशांतून झालेल्या दत्तकांमधले गैरप्रकार मांडले आणि २०२१ मध्ये त्या देशाने परदेशातून दत्तक घेणं थांबवलं.

आपलाही इतिहास फार वेगळा नाही. भारतातून परदेशी जाणाऱ्या मुलांबाबत होणाऱ्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी १९८४ मध्ये जो निकाल दिला, त्यातून आपल्याकडची आजची बरीचशी व्यवस्था उभी राहिली. लहानपणी महाराष्ट्रातून परदेशी गेलेली माणसं आता मोठी होऊन मूळ शोधायला इथं येतात. त्यांच्या हातात कधीकधी एक पातळ फाईल असते. त्या फाईलमधल्या एकेका ओळीला ती माणसं कशी धरून ठेवतात हे ज्याने पाहिलं आहे, तो कागदाला पुन्हा कधी ‘फॉर्मॅलिटी’ म्हणत नाही. तुमच्या मुलीची फाईल उद्या तीच वाचणार आहे. ती भरीव आणि खरी असावी ही जबाबदारी आजपासून तुमची आहे.

एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकासाठीचा १९९३ चा हेग करार याच अनुभवांतून झाला. भारत २००३ पासून त्यात आहे, श्रीलंका १९९५ पासून. हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण दोन्ही बाजूंना ठरलेली यंत्रणा आहे. आपल्याकडे दिल्लीचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’. तिकडे प्रोबेशन आणि बालसंगोपन सेवा विभाग. करार सांगतो की मूल दत्तकासाठी मुक्त आहे हे त्याच्या देशाने ठरवायचं, त्याला तिथंच घर मिळतं का हे आधी पाहायचं, संमती पैशाने विकत घेतलेली नसावी, आणि आईची संमती बाळ जन्मल्यानंतरचीच हवी. भावी पालक योग्य आहेत का हे ते राहतात त्या देशाने ठरवायचं. दोन्ही केंद्रीय यंत्रणांनी होकार दिल्याशिवाय मूल पालकांच्या हवाली करायचं नाही.

इथं एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. करार लागू होताना पासपोर्ट कोणत्या देशाचा यापेक्षा नेहमीचं वास्तव्य कुठे हे पाहिलं जातं. तुम्ही कोलंबोत राहत होतात तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता तुम्ही नाशिकला स्थायिक आहात, म्हणजे भारत हा मूल स्वीकारणारा देश ठरतो आणि अर्ज भारताच्या केंद्रीय यंत्रणेमार्फतच जायला हवा. तिकडच्या ओळखीवर थेट तिकडच्या न्यायालयात अर्ज टाकण्याचा मोह होईल. तो टाळा. तसा आदेश मिळाला तरी करारानुसारचं प्रमाणपत्र मिळणार नाही आणि भारतात येताना सगळं अडकेल.

आता सगळ्यात जड भाग. तुम्हाला मूल हवं आहे, की तीच मुलगी हवी आहे? श्रीलंकेत कोणतं मूल कोणाला द्यायचं हे त्यांच्या प्रोबेशन विभागाचे आयुक्त ठरवतात. आश्रमात जाऊन मूल पसंत करता येत नाही. कराराच्या कलम २९ प्रमाणे सुरुवातीच्या अटी पूर्ण होईपर्यंत भावी पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा मुलाला सांभाळणाऱ्यांशी संपर्कच ठेवायचा नसतो. नात्यातलं दत्तक असेल तर सूट आहे, तुमचं तसं नाही. म्हणजे तुम्ही सगळं नियमाने केलंत तरी हीच मुलगी मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर तो माणूस खोटं बोलतो आहे. अर्जात तिच्याशी असलेली ओळख प्रामाणिकपणे लिहा, कधीपासून, कशी, सगळं. लपवू नका. तिकडची यंत्रणा ते विचारात घेईल किंवा घेणार नाही. ती आधीच तिच्या मामाकडे जायची असेल, एखादं श्रीलंकन कुटुंब तिला घेत असेल, तर ती तिच्यासाठी चांगली बातमी आहे. तुम्हाला त्या दिवशी तसं वाटणार नाही हे मला माहीत आहे. तरी आज रात्री दोघं बसून याचं उत्तर स्वतःला द्या. अर्जाचा पुढचा सगळा प्रवास त्या उत्तरावर ठरेल.

‘तीच, नाहीतर कोणी नाही’ असं उत्तर आलं तरी माझा सल्ला अर्ज करण्याचाच आहे. फक्त मन तयार ठेवून करा. ‘आम्हाला मूल हवं आहे’ असं उत्तर आलं, तर भारतातला मार्गही आजच मोकळा करा. तान्ह्या बाळासाठी इथं काही वर्षांची रांग आहे, हे खरं. पण पाच-सहा वर्षांपुढची मुलं, भावंडांच्या जोड्या आणि विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी पालक कमी पडतात. पाच वर्षांची मुलगी स्वीकारायला तुम्ही मनाने तयार आहातच. घारपुरे घाटावरची आधाराश्रम ही दत्तक संस्था नाशिककरांना नवी नाही. तिथं जाऊन बोला. त्या भेटीने तुमचा श्रीलंकेचा अर्ज मागे पडत नाही.

आता रस्ता. दत्तक नियमावलीत भारतीय नागरिकांनी परदेशातून मूल दत्तक घेण्याची स्वतंत्र तरतूद आहे, हे त्या कार्यालयाला माहीत नसेल तर नियमावलीची प्रत घेऊन जा आणि शांतपणे पुढे ठेवा. जिल्हा पातळीवर परदेशी जाणाऱ्या मुलांच्या फायली येतात, परदेशातून येणाऱ्या मुलाची फाईल अधिकाऱ्याने आयुष्यात पाहिलेली नसते. त्यामुळे ‘होत नाही’ हा नकार बहुधा ‘मला माहीत नाही’ असा असतो. तरतूद अशी की दत्तकाची प्रक्रिया त्या देशाच्या कायद्याने त्या देशात पूर्ण करायची. हेग करारातला देश असेल तर आपला गृहअभ्यास अहवाल, मुलाचा अहवाल आणि मुलाची वैद्यकीय तपासणी पाहून कारा कराराच्या कलम ५ आणि १७ नुसार मान्यता देते. मग मुलाच्या परदेशी पासपोर्टवर तिथला भारतीय उच्चायोग कागद तपासून प्रवेश व्हिसा देतो आणि गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरी उच्चायोगामार्फत मिळते. या वाटेवर पर्यटक व्हिसा कुठेच येत नाही.

गृहअभ्यासाची लोक उगाच भीती घेतात. तुमच्या घरी मी किंवा माझ्यासारखं कोणी येईल ते फरशी चमकते का पाहायला येणार नाही. मूल न होण्याच्या दुःखातून तुम्ही बाहेर आलात का, दोघांची इच्छा सारखी आहे की एक जण दुसऱ्यासाठी हो म्हणतो आहे, आजी-आजोबांचं काय मत आहे, नोकरी गेली तर काय कराल, मूल वर्षभर तुम्हाला ‘आई’ म्हणालं नाही तर काय होईल, हे विचारलं जातं. खरं बोला. शंका बोलून दाखवणारं जोडपं मला तयार वाटतं, सगळं छान आहे म्हणणाऱ्या जोडप्याकडे मी पुन्हा जाते. वयाची अडचण तुम्हाला नाही: आपल्या नियमात चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज १०० पर्यंत चालते, तुमची ८१ आहे. लग्नाला दोन वर्षं झालेली असावीत आणि मुलात व पालकात किमान २५ वर्षांचं अंतर असावं. श्रीलंकेचा १९४१ चा दत्तक कायदा मूल १४ वर्षांखालचं असावं आणि पालक २५ वर्षांवरचे व मुलापेक्षा किमान २१ वर्षांनी मोठे असावेत असं सांगतो. तिथंही तुम्ही बसता.

खरा घोळ होतो तो नावांचा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत अजून आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, बँकेत आडनाव आधी, पॅनवर आडनाव शेवटी. आपल्याला हे सगळं एकाच बाईचं आहे हे दिसतं. कोलंबोतल्या न्यायाधीशाला ती तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. म्हणून गृहअभ्यासाच्याही आधी दोघांचे सगळे कागद एका ओळीत मांडा आणि एकच नाव, एकच क्रम, एकच स्पेलिंग करून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा. लग्न मंगल कार्यालयात झालं आणि नोंदणी राहिली, असं असेल तर नोंदणी आधी करा. पत्रिका आणि फोटो परदेशात पुरावा म्हणून चालत नाहीत. तुम्ही नोकरदार आहात, उत्पन्नाचा पुरावा सोपा आहे. (द्राक्ष बागायतदार कुटुंबांना मी वेगळं सांगते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरत राहा, आणि निर्यातदाराची देयकं व बँकेतल्या नोंदी जपून ठेवा. नुसता सातबारा उत्पन्न सिद्ध करत नाही.)

पोलीस चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखले, घराचे कागद, विवाह नोंदणी हे सगळं परदेशासाठी प्रमाणित करावं लागतं. काही देशांना अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं आपल्या सरकारचं प्रमाणपत्र, चालतं, काहींना त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. तुमच्या फाईलसाठी नेमकं काय लागेल ते कारामार्फत तिकडून लेखी मागवा आणि मगच पैसे खर्च करा. वैद्यकीय आणि पोलीस दाखल्यांना मुदत असते, ते सगळ्यात शेवटी काढा. गृहअभ्यास अहवाल तीन वर्षं चालतो, पण मधे घर बदललं, नोकरी बदलली, कोणी आजारी पडलं तर त्यात तशी नोंद करून घ्या. न सांगितलेला बदल फाईल परत पाठवायला पुरतो.

आता दिरंगाईशी कसं लढायचं ते सांगते. तोंडी काही विचारू नका आणि तोंडी नकार घेऊ नका. प्रत्येक अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक आणि तारखेसह पोहोच घ्या. अर्जात एकच मागणी लिहा. ‘आम्हाला मदत करावी’ या अर्जाला कोणी उत्तर देत नाही, ‘आमच्या गृहअभ्यासासाठी सामाजिक कार्यकर्त्याची नेमणूक करावी’ याला द्यावं लागतं. नाशिकला जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज द्या, त्याची प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना आणि पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाला द्या. दिल्लीला मेल पाठवलात तसंच स्पीड पोस्टानेही पाठवा. महिनाभर हालचाल नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार नोंदवा. तेही पुरलं नाही तर माहिती अधिकारात एवढंच विचारा की अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाईल सध्या कोणत्या टेबलावर आहे. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भाषा कायम सभ्य ठेवा. त्या टेबलावरच्या माणसाला तुमच्यामुळे नवीन काही शिकावं लागतं आहे, त्याला अपमान वाटला तर तो त्रुटी काढत बसेल. आणि एका जाड वहीत तारखा लिहीत जा: कोणाशी बोललात, काय ठरलं, पुढची तारीख कोणती. अधिकारी बदलतात. नवीन माणूस आला की तुमची ती वहीच फाईलची आठवण असते.

दलाल भेटतील. ‘दिल्लीत आपला माणूस आहे’ म्हणतील. कारामध्ये ओळखीने पुढे जाणारं असं काही नसतं आणि दलालाची एक पावती पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. श्रीलंकेत वकील मात्र लागेल, कारण आदेश तिथलं न्यायालय देतं. त्याची फी करार करून, बँकेतून, पावतीवर द्या. सुनावणीला दोघांनाही तिथं हजर राहावं लागेल असं धरून रजा शिल्लक ठेवा.

मुलीचा अहवाल हातात आला की तो भावनेने वाचू नका, प्रश्न घेऊन वाचा. ती संस्थेत कोणत्या तारखेला, कोणी आणली? आई-वडिलांचा शोध कसा घेतला? संमती कोणाची, कोणासमोर, कोणत्या तारखेची? भावंडं आहेत का? आपल्याकडे मूल सोडून देणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात आणि बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय कोणतंही मूल मुक्त ठरत नाही. तिथंही अशा सक्षम यंत्रणेचा आदेश अहवालात असला पाहिजे. नसेल तर कारामार्फत तो मागा, आणि उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका. हा विलंब तुम्ही स्वतः लावलेला असेल आणि तो योग्य असेल.

दत्तक आदेशानंतर तीन कागद घेतल्याशिवाय विमानात बसू नका: न्यायालयाच्या आदेशाच्या प्रमाणित प्रती, कराराच्या कलम २३ नुसारचं प्रमाणपत्र, आणि दत्तक मुलांच्या नोंदवहीतला तिचा दाखला. कलम २३ च्या प्रमाणपत्रामुळे करारातल्या इतर देशांत ते दत्तक मानलं जातं. सिंहली कागदांचं अधिकृत इंग्रजी भाषांतर तिथंच करून घ्या, नाशिकमध्ये सिंहली भाषांतरकार शोधत बसाल.

नागरिकत्वाबाबत मोठा गैरसमज आहे. दत्तक झालं म्हणून मुलगी आपोआप भारतीय होत नाही. ती श्रीलंकेच्या पासपोर्टवर येते आणि मग नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ५ खाली नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्य आणि मग केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे जातो. यात वेळ लागतो. तोवर तिच्या व्हिसाची मुदत आणि परदेशी नागरिक म्हणून लागणारी नोंदणी यांच्या तारखा चुकवू नका. नागरिकत्वाच्या कायद्यातला जाणकार वकील मुलगी येण्याआधी गाठा, आल्यानंतर नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हेही तिला कळेल अशा वयात समजावून सांगावं लागेल. शाळेसाठी थांबू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि दोघांनीही मृत्युपत्र करा, तिचं नाव स्पष्ट लिहून. उद्या चुलत्यांनी तिच्या हक्कावर प्रश्न उभा केला तर तिला कोर्टात जायची वेळ येऊ नये.

काही जण स्टँप पेपरवर दत्तकपत्र करून निबंधकाकडे नोंदवण्याचा सल्ला देतील. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली नात्यातल्या मुलाचं दत्तक तसं होतं, म्हणून तो सल्ला येतो. परदेशातल्या आश्रमातल्या मुलीला तो रस्ता लागू नाही. आंतरदेशीय, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणारं, दत्तक बाल न्याय अधिनियम आणि दत्तक नियमावलीनुसारच होतं, असं कायदा स्पष्ट सांगतो.

नेपाळबद्दल मला फार विचारलं जातं म्हणून दोन वाक्यं. नेपाळने हेग करारावर २००९ मध्ये सही केली, पण तो मंजूर केला नाही, त्यामुळे वर सांगितलेली दोन यंत्रणांची साखळी तिथं नाही. सीमा खुली आहे आणि व्हिसा लागत नाही, म्हणून मूल आणणं सोपं वाटतं, आणि नेमक्या याच सोपेपणाचा फायदा मुलं पळवणारे घेतात. कोणत्याही देशाचा विचार करताना आज तिथून परदेशी दत्तक चालू आहे का हे आधी पाहा. इथिओपियाने २०१८ मध्ये ते बंद केलं, चीनने २०२४ मध्ये जवळचे नातेवाईक वगळता बंद केलं. अर्ज मध्यावर असताना दार बंद झालेली कुटुंबं जगभर आहेत.

घरच्यांची तयारी कागदांइतकीच मोठी आहे. सासूबाई विचारतील, कोणत्या जातीची? सोसायटीत कोणी म्हणेल, इथं मुलं कमी होती का? ही उत्तरं मुलीसमोर शोधायची वेळ येऊ देऊ नका, ती यायच्या आधी घरात बोलणं होऊन जाऊ दे. पाच वर्षांची मुलगी तिची भाषा, तिचं जेवण, तिच्याशेजारी झोपणाऱ्या मैत्रिणी सगळं मागे ठेवून येते. पहिले काही महिने ती हसत नाही, किंवा सतत हसते, किंवा अन्न लपवून ठेवते. भाताबरोबर नारळाची कालवणं करायला शिका. सिंहलीतले रोजचे शब्द शिका: पाणी, भूक, शू, दुखतंय, भीती वाटते. मराठी ती पटकन उचलेल. पण पहिल्या रात्री तिला काय होतंय ते सांगायला तिच्याकडे फक्त तिची भाषा असेल. तिचं नाव बदलू नका. घरात आवडीचं दुसरं नाव ठेवायचं असेल तर ठेवा, कागदावर तिचं पहिलं नाव राहू द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, भेटवस्तू आणि व्हिडिओ कॉल. थांबवा. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण थांबवा. करार तेच सांगतो, आणि तो तसं का सांगतो हे मुलीच्या बाजूने पाहा. तिला ‘तुझी आई येणार आहे’ असं वाटू लागलं आणि आयुक्तांनी तिला दुसरीकडे दिलं किंवा प्रक्रियेला दोन-तीन वर्षं लागली, तर ती आणखी एकदा सोडली जाईल. पैसे तर अजिबात पाठवू नका. आश्रमातल्या सगळ्या मुलांसाठी काही करायची इच्छा असेल तर तीही सध्या मनात ठेवा, कारण अर्जदाराची देणगी कोणत्याही तपासणीत देणगी दिसणार नाही. शेवटचा एक कॉल करा. त्यात वचन देऊ नका, निरोप घ्या. तुम्हाला तिची आठवण येते हे तिला सांगितलं तर चालेल, येतो आहोत असं सांगू नका. आणि सोमवारी जिल्हा बाल संरक्षण कक्षात गृहअभ्यासाचा लेखी अर्ज द्या. पोहोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.